आप्पा, मशीन आणि सायलेन्सर

बबीनाची पोस्टिंग संपून आता वर्ष झालं. तिथल्या रेंजबद्दल, उन्हाळ्याबद्दल आणि रणगाड्यांबद्दल पुढे कधीतरी लिहीन. आज एका छोट्या गाडीबद्दल लिहितो.

बबीनाहून झाशीला राष्ट्रीय महामार्ग ४४ ने जावं लागतं. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना पळस, बाभळी आणि खडकाळ माळ. दर पंधरा दिवसांनी मी आप्पांना डॉक्टरांकडे घेऊन जायचो. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. या दीड तासात आम्ही बापलेक एक शब्दही बोलत नव्हतो.

भांडण नव्हतं. गाडी सुरू झाली की आप्पा कानातलं मशीन काढायचे, शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. मशीन म्हणजे श्रवणयंत्र. आई गेल्यावर मी त्यांना इचलकरंजीहून माझ्याकडे घेऊन आलो, तेव्हा हे यंत्र करून घेतलं होतं. घरात ते नीट वापरायचे. नातीशी पत्ते खेळताना तर तिची कुजबुजही पकडायचे. पण गाडीत बसले की यंत्र खिशात.

एकदा विचारलं, "आप्पा, मशीन का काढता?"

त्यांनी हातानेच सांगितलं, नंतर बोलू. घरी आल्यावर म्हणाले, "तुझ्या गाडीत ते घातलं की डोक्यात माग सुरू होतोय बघ."

माग म्हणजे काय हे मला सांगायची गरज नव्हती. आप्पांनी इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमाग चालवले. एका माणसाकडे चार माग, शेडमध्ये चाळीस-पन्नास. धोटा इकडून तिकडे आपटतो, पुन्हा तिकडून इकडे. शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज कान सोसतो आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी करायची, असा एक मान्य हिशोब आहे. त्या हिशोबाने शंभर डेसिबलमध्ये माणसाने पंधरा मिनिटं थांबावं. आप्पा बारा तासांची पाळी करायचे. लहानपणी डबा घेऊन गेलो की शेडमधली माणसं ओठांनी आणि हातवाऱ्यांनी बोलताना दिसायची. मला तो खेळ वाटायचा.

असे कान आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज गमावतात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. 'साखर' म्हटलं तर 'आखर' पोचतं. म्हणून ऐकू कमी येणारा माणूस म्हणतो, "आवाज येतोय, पण कळत नाही." त्यात गाडीचा घुमणारा खर्ज आला की उरलंसुरलं 'स', 'त', 'फ' त्याखाली बुडून जातं. यंत्र बोलणं मोठं करतं, तशी घरघरही मोठी करतं. आप्पांची तक्रार अगदी बरोबर होती.

आमची गाडी तेरा वर्षांची, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी, लाल रंगाची. माझ्याबरोबर चार राज्यं फिरलेली. नवी गाडी घेता आली असती, पण मुलीच्या कॉलेजची फी तोंडावर होती. शिवाय मी रणगाडेवाला. टी-७२ मध्ये बारा सिलिंडरचं ७८० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन असतं. ते सांभाळलेल्या माणसाला हे खेळण्याएवढं इंजिन गप्प करता येत नाही म्हणजे काय?

तर ते आलं नाही. निदान पहिल्या फटक्यात नाही.

व्हिडिओ पाहून मी ब्यूटाइल रबराच्या, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या चिकट शीट्स मागवल्या. खर्च साडेसहा हजार. रविवारी चारही दारांची अस्तरं काढली, पत्रा पुसला, रोलर फिरवून शीट्स बसवल्या. दार लावल्यावर असा भारदस्त 'धप्प' आवाज आला की बायकोसुद्धा बाहेर येऊन बघून गेली. मग हायवेवर गेलो. ताशी साठच्या वेगाला फोनमधलं मीटर आधी ७६ दाखवायचं, आता साडेपंचाहत्तर. साडेसहा हजारांत अर्धा डेसिबल! आप्पांनी मशीन खिशात ठेवलं ते ठेवलंच.

युनिटच्या वर्कशॉपमध्ये खासगी गाडी न्यायची नाही, हा माझा जुना नियम. कॅन्टोन्मेंटबाहेर ईएमईतून निवृत्त झालेल्या एका हवालदारांचं छोटं गॅरेज होतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. माझा शीट्सचा पराक्रम त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग दारावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं आणि म्हणाले, "साब, काम तो अच्छा किया है. पर आवाज यहाँ से आ ही नहीं रही. पहले सुनो, फिर खोलो."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. स्टाफ कॉलेजच्या कितीतरी टिपणांपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं.

मग ऐकायला शिकलो. गाडी उभी ठेवून इंजिन ३००० फेऱ्यांवर धरायचं: जो आवाज येतो तो इंजिनाचा आणि सायलेन्सरचा. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर साठच्या वेगाला गाडी न्यूट्रल करून थोडी घरंगळू द्यायची, इंजिन मात्र बंद करायचं नाही, नाहीतर ब्रेक जड होतो. तेव्हा जो उरतो तो टायरचा आणि वाऱ्याचा. आमच्या गाडीत न्यूट्रल केल्याबरोबर आवाज धाडकन खाली यायचा. म्हणजे गुन्हेगार पुढे आणि पोटाखाली होता, दारात नव्हताच.

डेसिबलचं गणितही उस्तादांच्या बाकड्यावर बसूनच नीट डोक्यात शिरलं. ७३ डेसिबलचे दोन सारखे आवाज एकत्र आले तर १४६ होत नाहीत, ७६ होतात. त्यातला एक पूर्ण बंद केला तरी ७३ उरतातच. म्हणून सगळ्यात मोठा आवाज आधी गाठायचा. तो तसाच ठेवून लहान आवाजांवर कितीही पैसे घाला, मीटर हलत नाही. माझी दारं नेमकी लहान आवाजांच्या यादीत होती.

शिवाय इंजिनाचा आवाज आत दोन वाटांनी येतो. एक हवेतून, फटी आणि भोकांतून. दुसरा धातूतून: इंजिन थरथरतं, ते सांगाड्याला थरथरवतं आणि मग गाडीचा अख्खा पत्राच स्पीकर होतो. आमच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात ३००० फेऱ्यांना सेकंदाला ७५ स्फोट होतात. हा खर्ज. पातळ शीट तो अडवू शकत नाही. त्याला उगमाशीच गाठावं लागतं.

गाडी खड्ड्यावर घेतली. उस्तादांनी टॉर्च मारला आणि हसले. सायलेन्सर ज्या रबरी कड्यांवर लोंबकळतो त्यातली दोन तुटलेली होती आणि तिथे बांधकामाची तार पिळून घट्ट बांधलेली होती. कुठल्याशा प्रवासात रस्त्याकडेच्या मिस्त्रीने बांधली होती, मीच शाबासकी दिली होती. रबराचं काम थरथर पोटात घेण्याचं. तार ती जशीच्या तशी पत्र्याला पोचवते. तीन वर्षं मी सायलेन्सर गाडीच्या तळाला ठोकून फिरत होतो. नवी रबरं सगळी मिळून दोनशे रुपयांच्या आत आली.

दुसरं गंभीर होतं. सकाळी इंजिन थंड असताना उस्तादांनी ते सुरू केलं, हातात जाड हातमोजा घालून मागच्या नळीवर ओलं फडकं क्षणभर दाबलं आणि मला पुढे कान द्यायला सांगितलं. मॅनिफोल्डला नळी जिथे जोडली जाते तिथून 'फुस् फुस्' ऐकू आलं. जोडावर काजळीचा काळा ओघळ होता. गॅस्केट गेलं होतं.

"साब, आवाज की बात छोड़ो," उस्ताद म्हणाले, "ये गैस अंदर जाती है."

एक्झॉस्टमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो. लांबच्या प्रवासात आमच्या मुलीचं डोकं दुखायचं. "हिला गाडी लागते," असं म्हणून आम्ही आवळासुपारी द्यायचो. गाडी लागणंच असेल कदाचित. पण त्या काळ्या ओघळाकडे बघताना माझ्या पोटात गोळा आला. तुमची गाडी अचानक 'फटफट' करू लागली आणि काचा बंद असताना डोकं जड होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी गॅरेज गाठा.

सायलेन्सरचा मागचा डबाही आतून सडला होता. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात डबा तापतो आणि ते वाफ होऊन निघून जातं. पण कॅन्टोन्मेंटमधल्या आमच्या फेऱ्या दोन-दोन किलोमीटरच्या. घर, शाळा, कॅन्टीन, घर. डबा तापायच्या आत इंजिन बंद. पाणी आतच राहतं आणि पत्रा खातं. नवा डबा मूळ मापाचाच घेतला. स्वस्तातला पोकळ डबा दिसायला तसाच असतो, पण आत जाळ्या आणि कप्पे नसले की नुसता भोंगा होतो.

सायलेन्सरची जन्मकथा मला तेव्हा आठवली. हायरम मॅक्सिम याने मशीनगन शोधली हे आपल्या पेशातल्या सगळ्यांना ठाऊक. त्याच तोफांच्या आवाजाने उतारवयात तो ठार बहिरा झाला, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. आणि त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने बंदुकीचा सायलेन्सर शोधला, १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि त्याच तत्त्वावर इंजिनांचेही सायलेन्सर बनवले. बापाने आवाज केला, मुलाने तो कमी केला. आमच्याकडे बाप मागावर होता आणि मुलगा रणगाड्यात. आवाज कमी करणारं घरात कोणी नव्हतंच.

त्यानंतर इंजिन माउंटिंग. इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं ते तेरा वर्षांत दबून दगडासारखे झाले होते. सिग्नलला गाडी उभी असताना आरसा थरथरतो, स्टिअरिंगला मुंग्या येतात, पहिला गिअर टाकताना इंजिन झोकांडी खातं: ही त्याची लक्षणं. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच जरा डुलणारं, त्यामुळे इथे रबर चांगलं हवंच. ते बदलल्यावर डॅशबोर्डवरचा गणपती कित्येक वर्षांनी स्थिर बसला.

मग रात्रीचं काम. रणगाड्याला विषारी वायू आणि किरणोत्सारी धूळ आत येऊ नये म्हणून प्रत्येक फट बंद करायची शिस्त असते. तीच युक्ती इथे वापरली. अंधारात बॉनेट उघडून इंजिनामागच्या भिंतीवर झगझगीत टॉर्च ठेवला आणि मी आत पेडलपाशी डोकं घालून उलटा झोपलो. तीन ठिकाणी उजेड दिसला. वायरिंगचा जुडगा आत येतो तिथलं रबरी बूच सरकलेलं, क्लचच्या केबलभोवती फट आणि एक भोक तर निव्वळ उघडं. कुठल्यातरी मेकॅनिकने रेडिओची वायर घालून पुन्हा काढली असावी. उजेड येतो तिथून आवाज येतोच. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभरावा भाग जरी उघडा असेल, तरी ती भिंत कितीही जाड करा, २० डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही. दीडशे रुपयांची बुचं आणि थोडं सीलंट. माझ्या साडेसहा हजारांच्या शीट्सपेक्षा या दीडशे रुपयांनी जास्त काम केलं.

दारांची रबरंही तपासली. दहाची नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावायचं आणि ओढायची. अडकत सरकली तर ठीक. सहज निघून आली तर तिथे रबर मेलेलं आहे. एअर फिल्टरच्या डब्याची एक क्लिप तुटली होती, तीही बदलली. इंजिन हवा ओढतानाही गुरगुरतं, आणि त्याला गप्प करणारा तोच डबा.

हे सगळं झाल्यावर उरलेल्या शीट्स पायाखालच्या पत्र्यावर आणि पुढच्या भिंतीला आतून लावल्या, पण पत्रा पूर्ण न झाकता, वाजणाऱ्या भागाच्या पाव-तिसऱ्या हिश्शावरच. पेर मारायचं, 'ठण्ण' वाजलं तिथे लावायची, 'ठक' वाजलं तर सोडून द्यायचं. वर जाड नमद्याचा थर आणि मग मॅटिंग. पाणी निचरायची भोकं झाकायची नाहीत. सायलेन्सरजवळ फोम वापरायचा नाही, आग लागते. डांबराच्या स्वस्त शीट्सही नकोत. बुंदेलखंडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि गाडीत रस्ता नवीन केल्याचा वास येतो.

शेवटी मीटर ६९ वर आलं. ७६ वरून ६९. कागदावर सात, पण ध्वनीची ऊर्जा पाचव्या हिश्शावर आली. कानाला तो निम्म्याहून थोडा जास्त उरल्यासारखा वाटतो. आणि फोनचं मीटर खर्जाला कमी मोजतं, त्यामुळे प्रत्यक्ष सुख आकड्यापेक्षा मोठं होतं. तरी मोठ्या गाडीसारखी शांतता आली असं मी म्हणणार नाही. टायर वाजतात, चढावर इंजिन ओरडतं. छोटी गाडी ती छोटीच.

पुढच्या गुरुवारी आप्पा गाडीत बसले. मी काही बोललो नाही. कॅन्टोन्मेंटचं फाटक मागे पडलं, हायवे लागला, तरी हात खिशाकडे गेला नाही. पाच-सात किलोमीटर गेल्यावर म्हणाले, "इंजिन बदललंस व्हय?"

"नाही आप्पा. सायलेन्सर."

"हं." मग बराच वेळ काही नाही. मग खिडकीतून बाहेर बघतच म्हणाले, "तू खडकवासल्याला हुतास तवा फोन करायचास. रविवारी."

करायचो. एनडीएत असताना रांगेत उभं राहून, नाणी मोजून. फोन शेजारच्या दुकानात यायचा. आप्पा उचलायचे, "हां, थांब, आईला देतो" म्हणायचे आणि संपलं. तीन वर्षं तेच. पुढे कमिशन मिळालं, लग्न झालं, तरी तेच. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की यांना माझ्याशी बोलायचं नाही. माग सोडून पोरगं दूर गेलं याचा राग असेल. बापाला विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

"फोनवर मला कायबी कळायचं न्हाई," आप्पा म्हणाले. "नुसता गोंगाट. म्हणून तिला द्यायचो."

मी गाडीचा वेग कमी केला. "मग सांगायचं होतं आप्पा."

"सांगून? तुमच्या त्या डाक्टरी तपासणीत कान बघत्यात म्हणालास. मला वाटलं, बाप बहिरा हाय कळलं तर पोराला घेणार न्हाईत. घेतलं तरी काढतील."

एनडीएच्या मेडिकलला पाठ करून उभं करतात आणि सहाशे दहा सेंटिमीटरवरून कुजबुजतात. ते शब्द आपण म्हणून दाखवायचे. घरी येऊन मी हे मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं. आप्पांनी त्यातून एवढाच अर्थ काढला आणि मग तो पंचवीस वर्षं सांभाळला. मागावरच्या आवाजाने गेलेले कान मुलाच्या रक्तात उतरत नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलं नाही, कारण त्यांनी कोणाला विचारलंच नाही. पासिंग आउटला खेत्रपाल मैदानावर ते सारखे आईला विचारत होते, "काय म्हणाला गं त्यो?" तेव्हा मला वाटलं होतं, इंग्रजी कळत नाही म्हणून विचारतायत.

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. झाशी आली, आम्ही डॉक्टरांकडे गेलो. परत येताना आप्पा आईबद्दल, मागाच्या मालकाबद्दल, १९८२ च्या संपात मुंबईचे गिरणीवाले नातेवाईक घरी येऊन राहिले होते त्याबद्दल बोलत होते. मी फक्त 'हो' म्हणत होतो.

एक सांगायचं राहिलं. त्याच वर्षीच्या वार्षिक मेडिकलमध्ये माझ्या कानांचा आलेख काढला. ४००० हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात उतरली होती. आवाजाने दुखावलेल्या कानाची ही खूण. डॉक्टर ती बघूनच ओळखतात. तरुणपणी फायरिंगला कानात बोळे न घालणं आम्ही शौर्य समजायचो. १२५ मिलिमीटरच्या तोफेला शौर्य कळत नाही. तेव्हापासून माझ्या रेंजवर इअरप्लग नसलेला माणूस, मग तो सवार असो की मेजर, मी मागे पाठवतो. पोरांना ते किरकिरं वाटतं. वाटू दे. जवळचे माझे निवृत्त मित्र हे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो: बायको पुटपुटते असं वाटायला लागलं असेल, तर एकदा कान तपासून घ्या. ती पुटपुटत नसते.

बदली व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला झाशीत वळण घेतलं आणि सरळ रस्त्याला लागलो. मी आपल्या नादात होतो. आप्पांनी माझ्या दंडाला बोट लावलं.

"आरं, ते टिकटिक टिकटिक चाललंय ते बंद कर की."

इंडिकेटर चालूच राहिला होता. मला ऐकू आला नव्हता.